मधल्या रांगेतला पाचवा

काकांबरोबर रस्त्यानं चालणं ही शिक्षाच होती. कार्यालयापासून चहाच्या टपरीपर्यंत चार मिनिटांचं अंतर, पण त्यांना वीस मिनिटं लागायची. तुम्हाआम्हाला दिसते ती गर्दी, त्यांना त्यात माणसं दिसायची. भर रस्त्यात एखाद्या अनोळखी गृहस्थाला अडवून ते म्हणायचे, "तुम्ही पुलाच्या उद्घाटनाला होतात. मागे, खांबाला टेकून. तेव्हा मिशी होती." गृहस्थ आधी दचकायचा, मग हळूहळू खूश व्हायचा. एकानं मात्र सरळ धूम ठोकली. त्याच्या पाठीकडे बघत काका म्हणाले, "कोर्टाच्या पायरीवरचा हा. तोंडावर रुमाल होता, पण कान उघडे होते ना!"

पाठीमागे सगळे त्यांना 'ओळखपरेड' म्हणायचे आणि समोर काका. एका दैनिकाच्या तळघरात जुन्या फोटोंचं दफ्तर होतं, ते सत्तावीस वर्षं त्यांनी सांभाळलं. लोखंडी कपाटं, कपाटांत खाकी पाकिटं, पाकिटांत फोटो. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख आणि नावं, आणि तो जितक्या वेळा छापला गेला तितके शिक्के. वरून फोन यायचा, "काका, तो पाणीपुरवठ्याचा जाड साहेब हवाय, हसरा नको." फोन ठेवायच्या आत काकांचा हात पाकिटावर असायचा.

पण माणूस स्वस्थ म्हणून बसायचा नाही. खुर्चीवर टेकले की गुडघा हलायला लागायचा. उठायचे, कपाट उघडायचे, काही न काढता बंद करायचे, कुलूप ओढून बघायचे, दहा पावलांवरून परत येऊन पुन्हा ओढून बघायचे. मी पहिल्या आठवड्यातच वैतागले. त्यांच्या बायकोला एकदा फोनवर म्हटलंसुद्धा, "काकू, हे घरी तरी बसतात का हो?" त्या म्हणाल्या, "बसतात की, जेवताना. आणि जेवताना विचारतात, समोरच्या खिडकीतला माणूस बदललाय का म्हणून."

मला तिथं आणलं होतं ते सगळं दफ्तर संगणकात घालायला. काम एकसुरी होतं. फोटो यंत्राखाली ठेवायचा, त्याची प्रत आत जायची. मग संगणक त्यातला एकेक चेहरा कातरून काढायचा, डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटीची ठेवण असं काय काय मोजायचा आणि सारखे वाटणारे चेहरे एका गठ्ठ्यात टाकायचा. गठ्ठ्यावर लिहून यायचं, 'हा कोण?' आपण एकदा नाव दिलं की त्या माणसाचे सगळे फोटो त्या नावाखाली. पुढे कोणीही नुसता एक चेहरा दाखवला, तरी त्या माणसाचे असतील नसतील तेवढे फोटो समोर हजर. नाव द्यायला माणूस लागत होता, आणि त्या इमारतीत असा माणूस एकच होता.

काकांनी यंत्राला पहिल्या दिवसापासून 'सूनबाई' म्हणायला सुरुवात केली. "सूनबाईंना घर दाखवायचं, चाव्या द्यायच्या आणि आपण ओसरीवर बसायचं," म्हणायचे. म्हणायचे हसत, पण यंत्र चुकलं की त्यांना असा काही आनंद व्हायचा की लपत नसे. एकदा त्यानं महापौर आणि कपड्यांच्या दुकानातला पुतळा एकाच गठ्ठ्यात टाकला. मी चूक दुरुस्त करायला गेले, तर काका म्हणाले, "राहू दे गं, एवढं काही चुकलेलं नाही." मात्र एकदा यंत्रानं एका म्हाताऱ्या नर्सच्या गठ्ठ्यात शाळेच्या स्पर्धेत धावणारी सात वर्षांची मुलगी आणून ठेवली. काकांनी चष्मा पुसला, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "तीच आहे. मला नव्हतं कळलं." त्या दिवशी त्यांनी कुलूप एकदाच ओढून बघितलं.

वर्षभरानं दैनिकानं जाहिरात दिली. जुन्या अंकातला आपल्या माणसाचा फोटो आणा, मूळ फोटो शोधून देऊ. लोक येऊ लागले. कोणाला आजोबांचा सत्कार हवा, कोणाला आपलीच शाळेतली नाटकातली दाढी. मी कात्रण यंत्राला दाखवायची, मिनिटभरात गठ्ठा समोर यायचा, लोक "अय्या!" म्हणायचे, आणि श्रेय मी घ्यायची. काका मागे येरझारा घालत पुटपुटायचे, "मी अर्ध्या मिनिटात दिला असता."

मग एका गुरुवारी ती मुलगी आली. पंचविशी ओलांडलेली, खांद्याला बॅग, बोलणं घाईचं. वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं कात्रण तिनं माझ्यासमोर ठेवलं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या गोदामाच्या आगीतले नऊ मृत, नऊ चेहरे, खाली नऊ नावं. शेवटच्या चेहऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे माझे बाबा. आगीत कामगारांच्या खोल्याही गेल्या, त्यात घरातले सगळे फोटो गेले. आई बाळंतपणाला माहेरी होती म्हणून आम्ही दोघी वाचलो. बाबांचं पुढेमागे कोणी नव्हतं, दुसरा फोटो कुठून मिळणार? आता हा कागदही विरायला लागलाय. मूळ फोटो मिळाला तर मोठा करून घेईन म्हणते."

"मिळेल की," मी म्हटलं. "मिनिटाचं काम आहे."

"मूळचा स्पष्टही असेल ना? आई नेहमी म्हणते, फोटो बाबांसारखा आलेला नाही. छपाईत चेहरा बदलतो म्हणे."

माझ्या मागे किल्ल्यांचा जुडगा पडला. वळून बघते तर काकांचा चेहरा पांढरा पडलेला. ते पुढे आले, कात्रणाकडे न बघताच म्हणाले, "यंत्र बंद आहे आज. सोमवारी या."

यंत्राचा हिरवा दिवा माझ्या कोपराजवळ ढळढळीत जळत होता. मुलीनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी मूर्खासारखी वही तिच्यापुढे सरकवली. तिनं नंबर लिहून दिला, कात्रणाची प्रत काढू दिली आणि गेली.

"काका, हे काय?"

"मला बरं वाटत नाहीये," म्हणाले, आणि जिना चढून गेले. जेवणाच्या सुट्टीतही खाली आले नाहीत. आता सांगते, मी काही कोणाची गुपितं उकरणारी बाई नाही, पण माझ्यासमोर कोणी धडधडीत खोटं बोललं की मला स्वस्थ बसवत नाही. मी कात्रणातला नववा चेहरा यंत्राला दाखवला.

चार फोटो आले. पहिला ते कात्रणच. दुसरा गोदामातल्या कामगारांचा, तीन रांगांत उभे. तिसऱ्यात पाणीकपातीच्या वेळी लागलेली रांग आणि त्या रांगेत बादली घेऊन उभा असलेला हा माणूस, आगीनंतर तीन वर्षांनी. चौथा बुद्धिबळ स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचा. मरून नऊ वर्षं झालेला माणूस हातात चषक घेऊन हसत होता आणि स्पर्धेत दुसरा आला होता. खाली नाव होतं, भलतंच.

मला आधी हसू आलं, मग मी कात्रणाखालचं नाव पुन्हा वाचलं.

काका शुक्रवारी सकाळी आले ते थेट माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर ते चार फोटो मी मुद्दामच ठेवले होते. भिंतीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून भिंतीपर्यंत चालत त्यांनी सगळं सांगितलं, म्हणजे मला वाक्यं येता-जाता तुकड्यातुकड्यांनी ऐकावी लागली.

आग लागली तेव्हा त्यांना नोकरीत आठवा महिना होता. पान सात वाजता छपाईला सुटायचं. आठ जणांचे फोटो नातेवाइकांकडून आले, नवव्याचा कुठेच नव्हता. तेव्हा त्यांना आठवला गोदामाच्या वर्धापनदिनाचा फोटो. पाकिटात त्याची नुसती निगेटिव्ह होती आणि नावांची यादी, 'मधली रांग, डावीकडून पाचवा'. मोठी प्रत काढायला निगेटिव्ह डार्करूममध्ये दिली. तिथल्या माणसानं घाईघाईत ओली प्रत हातात ठेवली. काकांनी डावीकडून पाच मोजले, चेहरा कातरला, वर पाठवला. सकाळी अंक आला. ती प्रत वाळली होती, तिला पाकिटात ठेवताना त्यांचं लक्ष शर्टांच्या खिशांकडे गेलं. खिसा डाव्या छातीवर असतो. त्या प्रतीत तीनही रांगांतल्या सगळ्यांचे खिसे उजव्या छातीवर होते.

"निगेटिव्ह उलटी बसवली होती त्यानं," काका म्हणाले. "सगळा फोटो उलटा. रांगेत अकरा माणसं. मधोमध मुकादम. मी त्याच्या या बाजूचा घेतला, तो त्या बाजूचा होता."

"मग सांगायचं ना वर!"

"चूक ज्याची, तो घरी. असा तेव्हाचा नियम होता. डार्करूमवाल्याला चार मुलं होती. आणि मी..." ते कपाटापाशी थांबले. "तरी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. पण चौदा दिवसांनी ती आली. गेटवर. एवढंसं मूल छातीशी, हातात अंक. मला खाली बोलावलं. म्हणाली, हा फोटो यांचा वाटत नाही हो. बावीस वर्षांची असेल. मी म्हणालो, बाई, छपाईत चेहरा थोडा बदलतो."

"आणि तिनं ऐकून घेतलं?"

"मान हलवली. म्हणाली, असं असतं होय. आणि गेली."

मला त्यांचा भयंकर राग आला. फोटो उलटा होणं ही चूक होती, ती कोणाच्याही हातून होते. हे वाक्य म्हणजे चूक नव्हती. मी तसं तोंडावर बोलले. काकांनी ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "या गठ्ठ्यातून कात्रणातला तेवढा एक चेहरा सुटा करता येतो?"

"येतो. एक बटण."

"मग सोमवारी सूनबाईला काही सापडणार नाही?"

"नाही."

"मुलीला म्हणता येईल, मूळ फोटो नाही आमच्याकडे."

मी खुर्ची बाजूला सरकवली. "हे बटण. बसा, दाबा. मी चहाला चाललेय."

मी दोन कप चहा प्यायले. रस्त्यात अर्धा तास उगाच उभी राहिले, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघत, एकही ओळखीचा नाही. परत आले तेव्हा चार फोटो होते तसे पडद्यावर होते. काकांनी मधलं कपाट उघडून वर्धापनदिनाचा तो मोठा फोटो काढला होता आणि यंत्राखाली ठेवला होता. पाठीवर त्यांच्या अक्षरात, पेन्सिलीनं, एकच शब्द होता, 'उलटा'.

"सरळ करता येतो ना हा?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"कर."

शनिवार, रविवार त्यांना झोप लागली नाही, हे मला काकूंनी सांगितलं. माणूस म्हणे घरातल्या घरात चालतच होता. सोमवारी माझ्याआधी येऊन दारात उभे होते. मी म्हटलं, आधी मुलीला फोनवर सांगू या. ते म्हणाले, "फोनवर नाही. मी आधीच एकदा उभ्याउभ्या सांगून मोकळा झालोय."

मुलगी आली ती आईला घेऊन. आई बारीक चणीची, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिच्या अंगावरच्या कपड्यांना एक चुणी नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली, जणू कोणी उठवलंच तर पटकन उठता यावं. काका तिच्यासमोर उभे राहिले. मी त्यांना इतकं निश्चल कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"बाई, सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही गेटवर आला होतात. ही छातीशी होती. तुम्ही म्हणालात, फोटो यांचा वाटत नाही. मी म्हणालो, छपाईत चेहरा बदलतो. ते खोटं होतं. मला तेव्हा माहीत होतं. फोटो दुसऱ्याचा होता. तुमचं बरोबर होतं."

मुलगी ताडकन पुढे आली.

"दुसऱ्याचा म्हणजे? मी परीक्षेला जाताना याला सांगून जायचे. नोकरी लागली ती याला आधी सांगितली. आणि तुम्ही... सव्वीस वर्षं सोडा, गुरुवारी तुम्ही इथं उभे होतात. गुरुवारी तरी सांगायचं!"

"हो," काका म्हणाले. "गुरुवारी तरी सांगायला हवं होतं."

आई मात्र काकांकडे निरखून बघत होती. "तुम्ही होतात का ते?" तिनं विचारलं. "मला नाही हो आठवत चेहरा. तुम्ही बोललात ते आठवतं." मग मुलीकडे वळून, जणू तिची समजूत घालत, म्हणाली, "मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. बाळंतीण होते, खाणंपिणं नव्हतं. आठवडाभर नुसती भांडत होते त्या फोटोशी. कपाळ असं नव्हतं, भुवया अशा नव्हत्या. मग म्हटलं, एवढा मोठा पेपर, त्यांना काय कळत नाही? आणि मग सवय झाली."

"खरा फोटो आहे," काका म्हणाले. "याच फोटोत आहेत ते. आता सरळ केलाय. मी बोट दाखवणार नाही. तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं कोण ओळखणार?"

मला ते पटलं. मी तर म्हटलं, बरं झालं, तिचं तिला परत मिळेल. मी पडदा तिच्याकडे वळवला. तीन रांगा, सगळ्यांचे खिसे आता डाव्या छातीवर. आईनं पदरानं चष्मा पुसला आणि पुढे झुकली. तिचं बोट काचेला न लागता वरच्या रांगेवरून गेलं, मग मधल्या रांगेवर आलं. पहिला, दुसरा, तिसरा. पाचव्यावरून ते तसंच पुढे सरकलं. मुकादमावरून गेलं. सातव्यावर थांबलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"हे," ती म्हणाली. "हे बघ गं. हसतायत."

काकांनी डोळे मिटले.

"आई," मुलगी म्हणाली, "ते नव्हेत. ते पेपरातले."

इस्त्रीचा चटका बसावा तसा आईनं हात मागे घेतला. पुन्हा झुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी एकेका चेहऱ्याशी थांबून, ओठ हलवत. पाचव्याशी थांबली, पुढे गेली, परत आली, पुन्हा पुढे गेली. शेवटी तिनं मुलीचा हात धरला आणि अपराध्यासारखी म्हणाली, "नाही गं सापडत."

मी मला जमतं ते केलं. पाचव्या चेहऱ्याभोवती चौकट आखली आणि यंत्राला म्हटलं, याचे आणखी शोध. म्हटलं, कुठेतरी असेल, एखाद्या मोर्चात, सामन्याच्या गर्दीत, बसच्या खिडकीत. वेगळा कोन मिळाला, हसताना दिसला, तर तिला आठवेल. यंत्र दोन लाख फोटोंतून गेलं. आम्ही चौघं पडद्यावरची रेघ सरकताना बघत होतो. काका तोंडातल्या तोंडात काही मोजत होते. रेघ टोकाला पोचली आणि आकडा आला, शून्य.

"म्हणजे हा एवढाच?" मुलीनं विचारलं.

"एवढाच."

मी चेहरा मोठा केला. नखाएवढा चेहरा, फार मोठा केला की चौकोन चौकोन व्हायचा, म्हणून जमेल तेवढाच केला. लांबट चेहरा, जाड भुवया, डोळे किंचित बारीक केलेले, ऊन समोरून असावं. मुलगी खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली. स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवत ती नुसती बघत राहिली. आईनंही बघितलं. ती त्या माणसाकडे फार आदबीनं बघत होती, पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी.

"हेच आहेत बाई," काका म्हणाले. "यादीत नाव आहे. मी शंभरदा मोजलंय. हेच आहेत. जरा आठवून बघा. अजून थोडा वेळ बघा, हवं तर रोज येऊन बघा."

ते इतके गयावया करत होते की आईलाच त्यांची दया आली. ती खुर्चीतून उठली आणि सव्वीस वर्षांपूर्वी हलवली असेल तशीच मान हलवली.

"असू द्या हो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे हेच असतील."